धून लक्षात राहिली, नाव राहिलं नाही

मारिओची धून आमच्या पिढीतल्या कुणालाही ऐकवा, पहिल्या चार-पाच सुरांतच चेहरा खुलतो. नव्वदच्या दशकात ज्याच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम असायचा त्याच्याकडे अर्धी गल्ली जमायची. 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा'ची सुरावट मुलं शाळेत डबा खातानाही तोंडाने वाजवायची. आज चाळिशी ओलांडली तरी ती जशीच्या तशी आठवते. पण ती रचली कुणी, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. एरवी गाणं आवडलं की संगीतकार कोण, गीतकार कोण हे हमखास विचारणारे आपण लोक. मग इथेच तसं का झालं नाही?

आधी या धुना एवढ्या लक्षात का राहतात ते पाहू. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. त्यात संगीत म्हणावं असं फक्त चार सुरांचं होतं. खाली उतरणारे ते चार जाड सूर पुन्हा पुन्हा वाजत राहायचे. शत्रू जसजसे कमी होत, तसतसा त्यांचा वेग वाढे. खेळणाऱ्याच्या छातीचे ठोकेही त्याबरोबर वाढत.

१९८३ मध्ये निन्टेन्डोचं 'फॅमिकॉम' यंत्र आलं. त्यात आवाजाच्या पाचच वाटा होत्या: दोन मुख्य सुरांसाठी, एक खालच्या जाड सुरासाठी, एक खरखरीसाठी (तिच्यातूनच ढोल-ताशे काढायचे) आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजांसाठी. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ, चित्रं आणि संगीत धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. व्हॉट्सॲपवर येणारा साधा फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत कोजी कोंदो यांनी जमिनीवर एक चाल दिली, पाण्याखाली तीन-तीन मात्रांच्या ठेक्यावर डुलणारी दुसरी, आणि वेळ संपत आली की तीच चाल धावायला लागेल अशी सोय केली.

वाद्यवृंदाचा थाट नाही, गायकाचा गळा नाही, म्हणजे नुसत्या चालीलाच सगळं काम करावं लागे. तीही छोटी, फिरून फिरून येणारी, आणि बोटांच्या हालचालीशी बांधलेली. आपले पाढे याच वाटेने पाठ होतात, हे शाळेत शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता नावांकडे येऊ. कोंदो यांचं नाव पुढे जगभर झालं, पण ते नशीबवान. कोनामी कंपनीचा 'कॅसलव्हेनिया' १९८६ मध्ये आला. त्याचं संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोन तरुणींचं. खेळाच्या शेवटी मात्र संगीतकार म्हणून नाव येतं 'जेम्स बनाना'! ड्रॅक्युलाच्या इंग्रजी चित्रपटांना संगीत देणाऱ्या जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरची ही कोटी होती. कॅपकॉमचा 'मेगा मॅन' १९८७ चा. संगीत मानामी मात्सुमाए यांचं, पण श्रेयनामावलीत असंच एक गमतीदार टोपणनाव. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' चं बहुतांश संगीत योको शिमोमुरा यांचं. त्यातल्या प्रत्येक योद्ध्याची चाल वेगळी. नाव छापलं 'शिमो-पी'.

असं का? प्रतिस्पर्धी कंपनीला नाव कळलं तर ती जास्त पगार देऊन माणूस पळवेल, ही भीती. ती फक्त जपानमध्येच होती असं नाही. अमेरिकेत अटारी कंपनी खेळ बनवणाऱ्यांची नावं देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तिच्यात स्वतःचं नाव लपवून ठेवलं होतं. खेळणाऱ्या पोरांनी ती खोली शोधून काढली.

कुणी म्हणेल, टोपणनावात वाईट काय? आमच्या उर्दू शायरीत तर तखल्लुसची शानच आहे. बरोबर आहे. मिर्झा असदुल्लाह खान आधी 'असद' झाले, मग 'गालिब'. मराठीत शिरवाडकर 'कुसुमाग्रज' झाले. पण तखल्लुस शायर स्वतः निवडतो आणि गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, ते मोठ्या दिमाखाने गुंफतो, की हे कलाम माझं आहे. 'जेम्स बनाना' ऐकून कुणाला यामाशिता आठवणार? तखल्लुस माणसाची ओळख सांगतो, हा मुखवटा ती पुसतो.

आपल्याकडेही हे घडलं आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं ते गाजलेलं गाणं रेकॉर्डवर 'कामिनी' या नावाने छापलं गेलं. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहिली, गाणारी खरी कोण ते सांगा म्हणून. तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव घराघरात पोहोचलं. श्रोत्यांनी विचारलं म्हणून नाव मिळालं, हे महत्त्वाचं. आमच्या टीव्ही गेमच्या बाबतीत विचारणार तरी कुणाला? बाजारात मिळायची ती नकली यंत्रं, आणि एकेका कॅसेटमध्ये कोंबलेले डझनावारी खेळ.

शिमोमुरा पियानोच्या शिक्षिका होऊ शकल्या असत्या. ते सोडून खेळांच्या कंपनीत जाणं घरच्यांना पटलं नव्हतं; ती प्रतिष्ठेची नोकरी मानली जात नव्हती. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते जपानी गेमच्या संगीतावर, आणि त्यात 'किंगडम हार्ट्स'साठी शिमोमुरा यांनी रचलेलं संगीतही होतं. २०२३ मध्ये कोंदो यांची मारिओची धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

मान उशिरा का होईना मिळाला, पण सगळ्यांना नाही. किती तरी खेळांच्या बाबतीत कुठल्या टोपणनावामागे कोण होतं, हे आज जुन्या खेळांचे शौकीन एकेक धागा जुळवून शोधत बसले आहेत. ज्यांनी आपलं बालपण सुरेल केलं त्यांच्याबाबत एवढं तरी आपण करू शकतो: आपल्या मुलांच्या मोबाइलवर एखादी धून आवडली, तर ती कुणाची हे त्यांना शोधायला सांगायचं.

मी वर्गात मक्ता शिकवताना आता तखल्लुसबरोबर 'जेम्स बनाना'चा किस्साही सांगते. मुलं हसतात. मग फळ्यावर 'किनुयो यामाशिता' लिहिते. नाव जिभेवर बसायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीनदा सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेते.