आधी पडदा, मग कार्ड

मलकापुरात कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यालगत माझं डीटीपीचं दुकान. सुरुवातीचा मॉनिटर काचेच्या नळीचा, १५ इंची. हलवताना कंबर धरायची. पेजमेकर आणि श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवायच्या, त्याला ग्राफिक्स कार्ड कशाला? १९९९मध्ये एनव्हिडियानं जीफोर्स २५६ आणलं, पण ते गेमवाल्यांसाठी. आमच्या पत्रिकेवरच्या गणपतीला त्रिमितीचं काय!

पुढं फोटो अल्बम आले, रात्री पोराचे गेम. पैसे मात्र एकाच वस्तूपुरते. "पप्पा, कार्ड घ्या," पोरगा म्हणाला. मी आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घेतला. शालूचा हिरवा रंग कडेनं बघितला तरी हिरवाच दिसतो. फक्त १९२० बाय १०८०चे वीस लाख ठिपके २५६० बाय १४४०वर सदतीस लाखांच्या घरात गेले, आणि जुनं कार्ड गेममध्ये धापा टाकू लागलं. आता तो १०८०वरच खेळतो. चित्र जरा पुसट दिसतं, म्हणून कुरकुरतोय.