वाघ्रो देव आणि गोळावलीचे वाघ

आपल्या गोव्यात पट्टेरी वाघ नाहीच, दिसला तर तो कर्नाटकातून वाट चुकून आलेला पाहुणा, हे आपण कितीतरी वर्षे ऐकत आलो. सत्तरीत कुठे पायाचे ठसे मिळाले की "वाघ परतला" म्हणून चर्चा सुरू होते. पण परतला म्हणायचे, तर तो गेला कधी होता?

केरीजवळ वाघेरीचा डोंगर उभा आहे. फोंडा तालुक्यात वाघुर्मे गाव आहे. जुनी माणसे अशी नावे उगाच ठेवत नसत. आपल्या डोंगराळ भागात वाघ्रो देव पूजला जातो. कुठे दगडात कोरलेला वाघ, तर कुठे नुसता पाषाण. मागणे एवढेच, की गुरावासरांना आणि माणसांना सांभाळ. शेजारच्या सिंधुदुर्गात गुराखी वाघबारस करतात. एकजण वाघ होतो आणि बाकीचे त्याला पिटाळून लावतात. या पाहुण्यासाठी देवळी बांधून ठेवणारे आपले पूर्वज काय वेडे होते?

अर्थात त्यांना वाघाचे नुसते प्रेम होते असेही नाही. भीती होती, रागही होता. वाघ मारणाऱ्याचे कौतुक होई. ती शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरली. पुढे 1999 साली गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना राज्यपाल जनरल जेकब यांच्या काळात म्हादई (208 चौ. कि.मी.) आणि नेत्रावळी (211 चौ. कि.मी.) ही अभयारण्ये जाहीर झाली. सीमेपलीकडे अणशी-दांडेली 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला (आजचा काळी व्याघ्र प्रकल्प) आणि 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झाले. नकाशावर मध्ये राज्याची रेघ आहे, पण वाघाला चेकनाका ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने सह्याद्रीचे हे सगळे एकच रान! 2013 मध्ये म्हादईच्या जंगलात कॅमेऱ्याने त्याला टिपले, तेव्हा "नाहीच" म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

पण त्याच्या असण्याचा पुरावा आपण फार वाईट रीतीने गोळा केला. 2009 साली केरी भागात वाघ मारला गेला आणि मेलेल्या वाघाच्या फोटोमुळे प्रकरण उघडकीस आले. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. वाघांनी मारलेल्या गुराच्या मांसात विष घातलेले होते. जिथे वाघ्रोला हात जोडतात त्याच तालुक्यात हे घडले.

शहरात बसून त्या गुराख्यांना शिव्या घालणे सोपे आहे. ज्याची दुभती गाय गेली त्याला अन्नसाखळीचे व्याख्यान देऊन काय उपयोग? जन्मभर फायली हाताळलेला माणूस म्हणून एक सांगतो. नुकसानभरपाईचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत गोठ्यातला राग थांबत नाही. पूर्वी गुरे गेली तर गाव वाघ्रोपुढे जाऊन गाऱ्हाणे घालत असे. आज ते गाऱ्हाणे सरकारने ऐकायचे आहे, आणि तेही लवकर.

24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा असा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. गावे उठवणार, काजूच्या बागा जाणार, ही भीती सत्तरीत आहे आणि ती खोटी म्हणून झटकता येणार नाही. तिथल्या लोकांना विश्वासात घेतल्याशिवाय कुठलीही अधिसूचना वाघाला वाचवणार नाही.

वन वाघाला राखते आणि वाघ वनाला, असा विचार महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. गोव्यापुरते त्यात एक जोडावे लागेल. हे वन म्हादईला राखते, आणि म्हादईच्या पाण्यावर आपण जगतो. दगडाच्या वाघाला नैवेद्य दाखवायचा आणि जिवंत वाघाला विष, हे किती दिवस चालवायचे, ते आपणच ठरवायचे आहे.