राबणं, घुमणं आणि चालणं

पेठ वडगावचा इतिहास सांगायचा म्हटलं की माणसं सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीपासून सुरुवात करतात. ते बरोबरच आहे. पण घामालाही इतिहास असतो, तो कुणी लिहून ठेवत नाही. आमच्या भागातल्या माणसानं कसकसा घाम गाळला, आणि त्यानं आयुष्य वाढलं की झिजलं, हे मी इथं मांडतोय.

पहिलं राबणं. माझ्या लहानपणी विहिरींवर मोटा चालायच्या. वडील पहाटे चारला मोट धरायचे ते ऊन तापेपर्यंत. धावंवरनं बैलांबरोबर किती येरझाऱ्या व्हायच्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आई त्याआधीच जात्यावर बसलेली असायची. मग पाणी, शेण, भाकरी, भांगलण, आणि परत येताना डोक्यावर वैरणीचा भारा. गुऱ्हाळ सुरू झालं की चुलवाणापुढं जळव्या रात्र-रात्र भाजून निघायचा. पुढं इंजिन आलं, विजेची मोटार आली, पिठाची गिरणी आली, ट्रॅक्टर आला. ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळं कमी झाली.

आता पारावर बसलं की कुणीतरी म्हणतंच, "जुनी मानसं राबत हुती, म्हणून शंभर वर्सं जगली." मला हे पटत नाही. शंभरी गाठलेला एखादा म्हातारा सगळ्या गावाला आठवतो. चाळिशीत गेलेली दहा माणसं कुणाच्या ध्यानात राहतात? देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीला टेकलंय. हे राबण्यामुळं झालं नाही. साथी आटोक्यात आल्या, लहान मुलं जगू लागली, दवाखाने झाले, पोटाला मिळू लागलं, म्हणून झालं.

दुसरं घुमणं, म्हणजे तालमीतली मेहनत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. मग आसपासच्या गावागावांत तालमी झाल्या. पहाटे जोर, बैठका, लाल मातीत लढती. मग मालीश, खुराक आणि दुपारची झोप. राबणाऱ्यात आणि पैलवानात फरक होता तो इथं. पैलवानाच्या घामाला विसावा होता.

पण पैलवान जास्त जगतो का? 1959 सालचे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे 86 वर्षं जगले. 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर 83 व्या वर्षी गेले. स्वतः कुस्तीचे शौकीन असलेले शाहू महाराज मात्र 47 व्या वर्षीच गेले. दोन-तीन माणसांवरनं नियम निघत नाही. त्यासाठी पुष्कळ माणसं मोजावी लागतात. फिनलंड देशात तशी मोजणी झाली आणि 1993 साली ती छापून आली. देशाकडून खेळलेले जुने खेळाडू एका बाजूला आणि लष्करी तपासणीत धडधाकट ठरलेली साधी माणसं दुसऱ्या बाजूला. साधी माणसं सरासरी 69.9 वर्षं जगली. कुस्ती, मुष्टियुद्ध, वजन उचलणं असे ताकदीचे खेळ खेळणारे 71.5 वर्षं. फुटबॉलसारखे संघाचे खेळ खेळणारे 73.9 वर्षं. आणि लांब पल्ल्याचं धावणारे, बर्फावरनं लांबवर घसरत जाणारे 75.6 वर्षं. म्हणजे ताकदीनं थोडं दिलं, दमानं जास्त दिलं. आमच्याकडं तर एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. कुस्ती सुटते, पण खुराक सुटत नाही. मग चाळिशीनंतर शरीर सुटतं.

तिसरं चालणं. यात महाराष्ट्रात पहिलं नाव घ्यावं ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं. पोरवयात परीक्षेसाठी ते कोकणातल्या मुरूडहून घाट चढून साताऱ्याला पायी गेले. पुढं हिंगण्याच्या आश्रमातनं पुण्याला कॉलेजात शिकवायला रोज चालत जायचे. ते 104 वर्षं जगले. आता हेही एकच माणूस झालं, म्हणून लंडनची मोजणी सांगतो. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं तिथल्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. कंपनी एक, गाडी एक. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयाचा विकार जास्त, आणि जिन्यावर चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. हे 1953 साली छापून आलं. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगले.

मग राबणाऱ्याला हा फायदा का मिळू नये? डेन्मार्कमध्ये एक लाखाहून जास्त माणसं तपासून 2021 साली यावर लिहिलं गेलं. मोकळ्या वेळात अंग हलवणाऱ्यांचा मृत्यूचा धोका कमी होता. पोटासाठी जड अंगमेहनत करणाऱ्यांचा उलट वाढलेला होता. यावर वाद आहे, कारण राबणाऱ्याची गरिबी मोजणीतनं पुरती बाजूला काढता येत नाही. पण कारण सांगितलं जातं ते मला पटतं. दिवसभर ओझं, तासन्‌तास वाकणं, आणि थांबायची मुभा नाही. ऊसतोडीची बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढते, तिला "बाई, तुझा व्यायाम झाला" असं कुणी म्हणू नये.

हे सगळं लिहायचं कारण घरचंच आहे. डॉक्टरांनी आमच्या कारभारणीला साखरेसाठी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. ती पहाटे वाठारच्या रस्त्यानं जाऊ लागली, तर बायका म्हणाल्या, "रानात काय कमी चालणं हुतंय व्हय? काम न्हाई वाटतं घरात!" ती चार दिवस घरी बसली. मी म्हटलं, रानातलं चालणं मालकाचं, पिकाचं, जनावराचं असतं. तिथं चार पावलं टाकून वाकायचं, परत चार पावलं. हा अर्धा तास तुझा. हात मोकळे, पाठ सरळ, दमलीस तर थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेलसं चालायला सांगते, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. दोन दिवस थोड्या बैठका मारल्या तरी तालीम झाली. आता कारभारणीबरोबर आळीतल्या तिघीजणी जातात. त्यातली एक गेल्या महिन्यापर्यंत नावं ठेवत होती.