गाडीवरची जुनी लॅमिनेशन फिल्म कशी काढायची? रंग न उखडता!

फोनचा जुना स्क्रीन गार्ड तुम्ही घरीच काढत असाल. कोपरा नखाने उचलला, हळूहळू ओढला, झालं काम. गाडीच्या रंगाला मात्र हा हिशोब लावू नका. फोनवर गार्डखाली काच असते, ती सोलून निघत नाही. गाडीवर फिल्मखाली रंग असतो, आणि तो फिल्मसोबत निघू शकतो.

आमच्या बिलोलीकडे मांजरेच्या वाळूचे हायवा सतत धावतात आणि मागच्या गाडीवर खडे उडतात. त्यामुळे नवी बाईक आली की बरेच जण आधी रेडियमवाल्याकडे जाऊन टाकी आणि मडगार्डवर लॅमिनेशन मारून घेतात. चार-पाच उन्हाळे गेले की तीच फिल्म पिवळी पडते, कडा उचलतात, त्यात धूळ अडकते. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तिकडेच बोट दाखवतं आणि भाव पाडून मागतं.

फिल्म एवढी चिकटून का बसते?

पारदर्शक फिल्म मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. स्वस्त असते ती पीव्हीसी. महाग असते ती टीपीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा एक प्रकार. पीपीएफ म्हणून विकली जाते ती हीच. पॉलियुरेथेन फिल्मचं मूळ व्हिएतनाम युद्धात आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांवर वाळू आणि खडे आदळून ती खराब व्हायची, म्हणून त्यांवर ही फिल्म लावत. खड्यांचा त्रास तिथेही होताच!

पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हात ते हळूहळू निघून जातं, फिल्म आकसते आणि कडक होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो, मग उन्हात उभ्या गाडीचा पत्रा किती तापत असेल बघा. शेवटी फिल्म कमजोर आणि गोंद मजबूत अशी उलटी स्थिती होते. म्हणून जुनी फिल्म अखंड न येता टिकल्या-टिकल्यांनी तुटते.

ओढण्याआधी रंग तपासा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. पत्र्याच्या भागांचा मूळ रंग कारखान्यात साधारण 140 अंशांच्या भट्टीत पक्का होतो, तो सहसा फिल्मसोबत येत नाही. पण गाडी पडली, डेंटिंग-पेंटिंग झालं, तर तो रंग गॅरेजमध्ये उघड्यावर किंवा फार तर 60 अंशांच्या आसपास सुकवलेला असतो. त्याची पकड कमी असते.

फोनचा टॉर्च तिरका धरून बघा. नवीन रंग मारलेला भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो, रबराच्या पट्टीवर किंवा नट-बोल्टवर रंगाचे शिंतोडे सापडतात. सेकंडहँड गाडी असेल तर ही तपासणी करायचीच. शंका आली तर तो भाग पेंटरकडूनच सोलून घ्या. कंपनीचं स्टिकर रंगाच्या वर आहे की क्लिअर कोटच्या खाली, तेही बघून घ्या. वर असेल तर ते फिल्मसोबतच येणार.

गरम करायचं, पण कुठे कशाने?

कारचं बोनेट असेल तर हीट गन किंवा केसांचा ड्रायर चालतो. फिल्म साधारण 60-70 अंशांपर्यंत तापू द्या, म्हणजे हात लावला की लगेच मागे घ्यावासा वाटेल इतकं. हीट गनमधून 500 अंशांची हवा निघू शकते, म्हणून ती एका जागी धरू नका, सतत फिरवत राहा.

बाईकच्या टाकीवर हीट गन अजिबात नको. आत पेट्रोलची वाफ असते, झाकणातूनही थोडी बाहेर येते. टाकीसाठी गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल पुरतो. दोन-तीन मिनिटं ठेवा, काढा, थोडं सोला, पुन्हा ठेवा. वेळ लागतो, लागू द्या. स्कूटीच्या ज्या भागाला आपण ‘फायबर’ म्हणतो, ते बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिक असतं आणि जास्त उष्णतेने वाकडं होतं. तिथेही टॉवेलच बरा.

कोपरा उचलला की फिल्म सरळ वर खेचू नका. ती स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला लागून, सावकाश मागे ओढा. अडली तर ओढणं थांबवा आणि परत गरम करा. ब्लेड वापरायचं नाही. जुनं एटीएम कार्ड किंवा सिमचं रिकामं कार्ड छान चालतं.

उरलेला गोंद

इथे लोक थिनर आणतात. थिनर रंगही विरघळवतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन तर फायबरचा पार चोथा करतं. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे बोर्ड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते मऊ कापडावर घेऊन वापरा. आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. हे अल्कोहोल लवकर पेट घेतं, त्यामुळे हीट गन बंद करून, पत्रा थंड झाल्यावर, सावलीत काम करा. घाई नसेल तर खोबरेल तेल लावून अर्धा तास सोडा, गोंद फुगतो आणि बोटाने गोळा होतो. शेवटी शाम्पूच्या पाण्याने धुवा.

फिल्मखालचा रंग बाजूच्या रंगापेक्षा गडद दिसेल. बाकीचा उन्हाने फिका झालेला असतो. रबिंग कंपाउंडने फरक कमी होतो, पण लाल आणि काळ्या गाड्यांवर रेघ पूर्ण जाईलच असं नाही.

नवीन फिल्म लगेच लावायची असेल आणि मध्ये कुठला भाग पुन्हा पेंट केला असेल, तर पेंटरला विचारून निदान महिनाभर थांबा. कच्च्या रंगातलं द्रव्य बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर फिल्मखाली बुडबुडे येतात.