जुन्या जीपला डिस्क ब्रेक बसवायचाय? आधी पुढचा एक्सल ओळखा

बीड : धारूरचा घाट उतरताना जुनी जीप चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर आणि जीव टांगणीला असतो. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली जातं. म्हणून अनेकांना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे असतात. पण पुढचा एक्सल कोणता आहे हे न पाहता सामान आणलं, तर ते बसत नाही आणि पैसे पाण्यात जातात.

महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे कितीतरी मॉडेल आली. त्यातल्या अनेक जुन्या गाड्यांचे भाग आता एकमेकांत अदलाबदल झालेले आहेत. त्यामुळे आरसी बुकातल्या मॉडेलवर विसंबू नका, गाडीखाली जाऊन बघा. गाडी सपाट जागेवर लावा, मागच्या चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

काय काय बघायचं?

१) एक्सलमध्ये गोल फुगीर भाग (डिफरन्शियल) असेल तर पुढचा एक्सल फोर व्हीलचा आहे. नुसता पाइप किंवा सरळ लोखंडी दांडा असेल तर टू व्हीलचा. दोघांचं सामान वेगळं.

२) फोर व्हीलमध्ये चाकाच्या आत बघा. मोठा गुळगुळीत लोखंडी गोळा आणि त्याला चिकटलेलं सील दिसलं तर तो बंद नकल. सीजे ३बी सारख्या जुन्या जीपमध्ये हाच असतो. गोळ्याऐवजी जॉइंट उघडा दिसला तर तो उघडा नकल. सील फाटून तेल गळत असेल तर ते लायनरवर येतं, म्हणून आधी सील बदला.

३) ड्रम काढून आतला व्यास मोजा. ९ इंच म्हणजे साधारण २२९ मिमी, ११ इंच म्हणजे २७९ मिमी. ड्रम ९ इंचाचा असेल तर ११ इंचाचा ड्रम लावणं हाही एक पर्याय आहे.

४) बॅक प्लेटचे बोल्ट मोजा आणि समोरासमोरच्या बोल्टमधलं अंतर टेपने घ्या. कॅलिपरचा ब्रॅकेट बहुधा याच छिद्रांवर बसतो. फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

५) काही जुन्या जीपच्या डाव्या चाकाचे नट उलट आट्याचे असतात. नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आटे कोणत्या बाजूचे आहेत ते बघा.

ड्रममधली लायनरची धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा.

नुसत्या डिस्कने भागत नाही

बऱ्याच जुन्या जीपमध्ये ब्रेकची एकच लाइन असते. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे दोन लाइनचा मास्टर सिलेंडर हाच पहिला खर्च समजा. कॅलिपरला व्हील सिलेंडरपेक्षा जास्त तेल लागतं, म्हणून मास्टर सिलेंडर त्याला जुळणारा हवा. डिझेल इंजिनला बूस्टर बसवायचा तर व्हॅक्यूम पंप लागतो. तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे असतो. कॅलिपर रिममध्ये मावतो का, हेही आधीच तपासा.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून सामान घेण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. एमएच २३ ची गाडी असेल तर बीड, एमएच ४४ असेल तर अंबाजोगाई.

परवानगी मिळाली नाही तरी मूळचेच ब्रेक धड करता येतात. नवे लायनर, नवे व्हील सिलेंडर, नवं ब्रेक तेल आणि दोन्ही बाजूंचं नीट ॲडजस्टमेंट एवढं केलं तरी खूप फरक पडतो. आणि घाटात इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी कधीच सोडू नये. ज्या गिअरवर चढता, त्याच गिअरवर उतरा. मागे माणसं बसलेली असतात.