आत्म्याची अंधारी रात्र

आत्म्याची अंधारी रात्र ही ख्रिस्ती अध्यात्मातील संज्ञा आहे. प्रार्थना चालू असूनही देवाचे सान्निध्य जाणवेनासे होते, तरी साधक श्रद्धा सोडत नाही, अशा अवस्थेला ती लावली जाते. १६व्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या काव्यावरून ती रूढ झाली. अनुभव मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे: वधस्तंभावर येशूने काढलेले निराधारपणाचे उद्गार स्तोत्रसंहितेतील २२व्या स्तोत्राचे आहेत.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) अनुभव या अवस्थेच्या जवळचा, पण अगदी तोच नव्हे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. सुमारे आठ वर्षांनंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. १९०७ च्या अनुभवकथनात त्यांनी हे स्पष्टपणे नोंदवले. संत जॉन यांच्या वर्णनात लाभलेले सान्निध्य हरपते. रमाबाईंना ते तोवर लाभलेच नव्हते. तरीही याच वर्षांत त्यांनी धर्म सोडला नाही आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले; त्यानंतरही केडगाव येथे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत चालू ठेवले.