सहीमागचा माणूस

रेल्वेच्या गावाला यंत्राची ओळख करून द्यावी लागत नाही. पाचोरा जंक्शन हे असेच एक गाव. मुंबई-भुसावळ मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि २०२० पर्यंत जामनेरकडे धावणारी अरुंद मापाची आपली ‘पीजे’ ह्यांच्या शिट्ट्यांवर इथल्या कित्येक घरांचा दिनक्रम चालत आला. गाडी थांबली की चाकांवर हातोडी मारून त्यांचा नाद ऐकणारा कामगार जुन्या पिढीने पाहिलेला आहे. नाद बद्द आला तर चाकाला तडा आहे असे तो ओळखी. गाडी सुटली की प्रवाशांना त्याची आठवण राहत नसे आणि त्यालाही त्याची खंत नसे. त्याचे काम त्याच्या हातून गेलेली गाडी सुखरूप पोहोचण्यात पुरे होत असे.

विमानांच्या इतिहासातही अशी माणसे आहेत. वैमानिकांची चरित्रे लिहिली गेली, त्यांचे पुतळे उभे राहिले. यंत्रज्ञ मात्र बहुधा तळटिपेत राहिला. प्रस्तुत लेखात अशाच काही जणांचे स्मरण करावयाचे आहे.

आरंभ करायचा तो चार्ल्स टेलर ह्यांच्यापासून. जगातील पहिले विमान-यंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २४ मे १८६८ रोजी त्यांचा जन्म झाला. १८९४ साली हेन्रिएटा वेबर्ट ह्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे हे दांपत्य ओहायो राज्यातील डेटन गावी स्थायिक झाले. तिथे ऑर्व्हिल आणि विल्बर राइट ह्या बंधूंचे सायकलींचे दुकान होते. दुकानाची जागा हेन्रिएटाच्या माहेरच्या मंडळींची. ह्या सासुरवाडीच्या ओळखीतून टेलर राइट बंधूंच्या परिचयाचे झाले आणि १९०१ साली त्यांच्याकडे कामाला लागले. दोघे भाऊ उड्डाणाच्या प्रयोगांसाठी समुद्रकिनारी जात, तेव्हा दुकान टेलर सांभाळीत.

विमानाला पुरेसे हलके इंजिन कोणताही कारखाना बनवून देईना, तेव्हा ते काम टेलर ह्यांच्याकडे आले. हाताशी एक लेथ, एक छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि नेहमीची हत्यारे. रीतसर आराखडे नव्हते. कागदाच्या कपट्यावर काढलेली आकृती समोर टांगून त्यांनी पोलादाच्या एका जड ठोकळ्यातून इंजिनाचा मुख्य दांडा कोरून काढला. सहा आठवड्यांत सुमारे १२ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन तयार झाले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे ते विमान उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. ते पाहायला टेलर तिथे नव्हते. ते डेटनला होते. आपणही विमान चालवायला शिकावे अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु राइट बंधूंनी त्यांना ते कधीच शिकवले नाही.

१९११ साली कॅल रॉजर्स नावाच्या वैमानिकाने विमानाने अमेरिका खंड ओलांडण्याचे ठरवले, तेव्हा त्याच्या विमानाची देखभाल टेलर ह्यांनी पत्करली. दिवसाला दहा डॉलर म्हणजे त्यांच्या नेहमीच्या पगाराहून कितीतरी अधिक. कुटुंबालाही त्यांनी कॅलिफोर्नियाकडे पाठवले. तिथे हेन्रिएटा गंभीर आजारी पडल्या. टेलर त्यांच्यापाशी थांबले आणि डेटनला परतले ते पुढच्या वर्षीच. यंत्राची खडखड दुरून ओळखणाऱ्या ह्या माणसाने घरातल्या दुखण्याकडे पाठ फिरवली नाही. विमानविद्येच्या इतिहासात ह्या थांबण्याची नोंद एखाद्या ओळीची असेल. त्यांच्या संसाराच्या इतिहासात ती मोठी आहे.

पुढचे आयुष्य खडतर गेले. १९२८ साली त्यांनी कॅलिफोर्नियात जमीन घेतली, आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली. पैसा बुडाला, पत्नीही निवर्तली. १९३७ च्या सुमारास ते एका विमान-कारखान्यात तासाला ३७ सेंट मजुरीवर राबत होते. आपल्या शेजारी उभा असलेला हा म्हातारा पहिल्या विमानाच्या इंजिनाचा कर्ता आहे, ह्याची सोबतच्या कामगारांना वार्ताही नव्हती. राइट बंधूंच्या दुकानाचे जतन करू पाहणाऱ्या हेन्री फोर्ड ह्यांच्या माणसांनी त्यांचा शोध लावला, तेव्हा कुठे त्यांचे नाव पुन्हा वर आले. १९४८ साली ऑर्व्हिल राइट वारले. त्यांनी मृत्युपत्रात टेलर ह्यांच्यासाठी वर्षाला ८०० डॉलरची तरतूद केली होती; महागाईपुढे ती अपुरी पडली. १९५५ साली टेलर लॉस एंजेलिस येथील रुग्णालयाच्या धर्मादाय विभागात आढळले. विमान-व्यवसायातील लोकांनी वर्गणी जमवून त्यांची चांगल्या ठिकाणी सोय केली. ३० जानेवारी १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. अमेरिकेत आज २४ मे, त्यांचा जन्मदिन, विमान-यंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळला जातो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. तिथून पुढे बळ्ळारी आणि मद्रासपर्यंतचा प्रवास नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी केला. ह्या दोघांची नावे प्रत्येक इतिहासात आहेत. जुहूला ह्या उपक्रमाचे सारे वैभव म्हणजे ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी, दोन लहान विमाने, अर्धवेळ काम करणारा एक अभियंता आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. पहिल्या वर्षात ह्या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल अंतर कापले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होत असे, आणि मग तळ पुण्याला हलवावा लागे. खाऱ्या हवेने गंजणारे लोखंड आणि रेतीने भरणारी इंजिने ज्यांनी रोज पुसून, घासून सज्ज ठेवली, त्या दोन शिकाऊ मुलांची नावे मात्र ह्या कथेच्या कोणत्याही प्रचलित आवृत्तीत येत नाहीत.

एका यंत्रज्ञाचे नाव मात्र इतिहासाने जपले, तेही एका घोर प्रसंगामुळे. टेलर धर्मादाय विभागात होते त्याच १९५५ सालची ही घटना. बांडुंग येथे आशिया-आफ्रिका परिषद भरणार होती. चिनी प्रतिनिधींसाठी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे विमान ठरवण्यात आले. ११ एप्रिल रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या ईस्टर रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, ते हाँगकाँगहून जकार्ताकडे निघाले. कॅप्टन दामोदर जटार, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, दिशादर्शक जे. सी. पाठक, हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी आणि त्यांचे सहकारी अशी आठ कर्मचाऱ्यांची तुकडी होती. देखभाल-अभियंता अनंत कर्णिक हेही त्या तुकडीबरोबर होते. प्रवासी अकरा.

उड्डाणाला सुमारे पाच तास झाले असता स्फोट झाला. उजव्या पंखावर आग दिसू लागली, धूर आत शिरला. आग तिसऱ्या इंजिनाच्या मागे दिसत असल्याने कॅप्टनने ते इंजिन बंद केले. नातुना बेटांजवळचे आपले स्थान सांगणारे संदेश पाठवले गेले, आणि मग यंत्रणा मुकी झाली. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देण्यात आली, संकटकाळची दारे उघडण्यात आली. समुद्रावर उतरताना उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमान फुटले. सोळा जण मृत्युमुखी पडले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक एवढेच वाचले.

विमान कोसळले की पहिला प्रश्न यंत्राला, आणि म्हणून यंत्रज्ञाला, विचारला जातो. कोणता स्क्रू सैल राहिला? कोणती नळी फुटली? समुद्रातून मिळालेल्या अवशेषांनी उत्तर दिले. इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने २६ मे १९५५ रोजी जाहीर केले की उजव्या बाजूच्या चाकाच्या खोबणीत वेळेवर फुटणारा बॉम्ब ठेवलेला होता. इंजिन निर्दोष होते. हाँगकाँगच्या पोलिसांनी विमानाच्या तिथल्या देखभालीशी संबंध आलेल्या ७१ जणांची चौकशी केली. संशय विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर स्थिरावला. पण तोवर तो तैवानला पळून गेला होता. चिनी पंतप्रधान चौ एन-लाय हे ह्या कटाचे लक्ष्य होते असे मानले जाते. ते त्या विमानात नव्हते.

जटार, बेरी आणि वाचलेले तिघे ह्यांचा अशोकचक्र सन्मानाने गौरव झाला. सैन्याबाहेरच्या नागरिकांना हा सन्मान मिळण्याचा तो पहिला प्रसंग. कर्णिक ह्यांनी पुढे ‘काश्मीर प्रिन्सेस’ ह्याच नावाचे पुस्तक लिहून त्या उड्डाणाची हकीकत जगापुढे ठेवली.

ह्या घटनेत यंत्रज्ञाच्या धंद्याचे मर्म आहे. परवानाधारक अभियंत्याने प्रमाणपत्रावर सही केल्यावाचून प्रवासी विमान उडत नाही. प्रवासी त्या सहीचा माणूस पाहत नाही. तो केवळ विश्वास टाकतो. विमानाच्या पोटाखाली, अंधाऱ्या खोबणीत, जिथे कोणी पाहत नाही, तिथे शिरण्याची मुभा थोड्यांनाच असते. हाँगकाँगला त्याच मुभेचा उपयोग एका हाताने घातासाठी केला. त्याच जागी इतर असंख्य हात वर्षानुवर्षे इमानाने काम करत आले, म्हणूनच आपण निर्धास्तपणे विमानात बसतो.

संसाराचेही असेच आहे. लग्नाच्या दिवशी साक्षीदारांसमोर रजिस्टरवर सही होते. तिची खरी परीक्षा पुढे, कोणी पाहत नसताना होते. रात्रपाळीहून आलेला नवरा आजारी पत्नीला औषध देतो, पत्नी त्याच्या तेलकट डगल्याचे डाग काढते, आणि अशी चाळीस-पन्नास वर्षे सरतात. त्यांची बातमी होत नाही. हेन्रिएटाच्या आजारात थांबलेले टेलर आणि एका दांड्यासाठी तासन्‌तास लेथपाशी उभे राहिलेले टेलर ही एकाच स्वभावाची दोन रूपे होती.

पाचोऱ्याहून मुंबईकडे जाताना नाशिक लागते. त्याच्याजवळ ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान-कारखाना उभा राहिला. मिग-२१ विमानांच्या कित्येक तुकड्या तिथे तयार झाल्या. ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलातून निवृत्त झाले, आणि त्याच नाशिकहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले. एका विमानाचे पूर्ण आयुष्य ज्या कामगारांच्या नोकरीच्या काळात सामावले, त्यांतले अनेक जण आज वृद्ध झाले आहेत. कुणी ओझरला राबले असेल, कुणी सांताक्रूझच्या हँगरमध्ये, कुणी भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये.

वाचकहो, जुहूच्या त्या दोन शिकाऊ मेकॅनिकांची नावे वेळीच कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून ती आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या घरातल्या आजोबांच्या बाबतीत असे होऊ देऊ नये. पुढच्या वेळी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस साजरा कराल, तेव्हा केक कापून झाल्यावर त्यांना आणि आजीला शेजारी बसवा. कोणत्या साली कामाला लागलात, पहिला उस्ताद कोण, कोणते यंत्र हाताखालून गेले, घरात कोण आजारी असताना पाळी कशी सांभाळलीत, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. तारखा घाला, गावांची नावे घाला. आजीला वेगळे विचारा. तिच्या आठवणीत तीच वर्षे निराळ्या बाजूने दिसतील. आणि ती वही घरातल्या बायबलशेजारी ठेवा, म्हणजे नातवंडांना ती सापडेल.